नवी चेन घसरते? आधी पट्टी काढा, मग पाकीट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. कोथरूडहून हिंजवडीला आठवड्यातून तीन-चार दिवस सायकलने जाता, येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर. सायकल हायब्रिड, पुढे तीन आणि मागे आठ गिअर, व्ही-ब्रेक. दीड वर्ष मूळची चेन चालवली, गेल्या महिन्यात नवी टाकली, आणि तेव्हापासून चांदणी चौकाच्या चढावर जोर दिला की चेन 'खट्ट' करून घसरते. दुकानदार म्हणतो कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा जुडगा), पुढचा क्रँक (पायडलचा दांडा आणि त्याच्यासोबतची चक्रं), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), केबल सगळंच बदला. शिवाय ब्रेक किंचाळतात, घरी कोणती हत्यारं ठेवावीत ते हवंय, आणि पावसाळ्यासाठी एक महागडं जॅकेट डोळ्यांसमोर आहे.

दुकानदार फसवतोय का, असं तुम्ही आडून विचारलंय. बहुधा नाही. तो अर्धा बरोबर आहे. सगळं बदललं की घसरणं थांबणारच, आणि तुम्ही परत तक्रार घेऊन येणार नाही, हा त्याचा हिशेब. पण घरावर उंदीर चढला म्हणून कोणी कौलं उतरवत नाही.

मी पुण्यात सायकल दुरुस्तीचं काम अठ्ठावीस वर्षं करतोय. वडिलांचं तासावर सायकली भाड्याने द्यायचं दुकान होतं, तिथेच पंक्चर काढायला शिकलो. त्या काळ्या सायकलींची चेन वर्षानुवर्षं चालायची. गिअरच्या सायकलीची चेन तशी चालत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. चेन ही टायरसारखी झिजून टाकायची वस्तू आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड काही ताणत नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती पत्र्याची कड फिरते. त्या फटीत बारीक रेती आणि तेल मिळून घोटाई होते आणि पिन झिजते. एका सांध्यात केसाएवढी झीज, पण सांधे शंभराच्या वर. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतर असतं. झिजल्यावर ते वाढतं. मग चेन कॅसेटच्या दात्यांवर जरा वर चढून बसते आणि दात्यांनाही आपल्या मापाचं करून घेते. दीड वर्षात तुमची जुनी चेन आणि कॅसेट एकमेकांना साजेशी झिजली, म्हणून कुरकुर नव्हती. आता अर्ध्या इंचाची कोरी चेन त्या रुंदावलेल्या दात्यांवर बसवलीत. हलक्या पायाने चालते, जोर दिला की दाता सोडून वर उडते. नवी चेन निर्दोष आहे. दोष असेल तर जुनी उशिरा काढल्याचा.

पण हे मी तुमची सायकल न बघता बोलतोय, म्हणून आधी तीन गोष्टी तपासा. पहिली, घसरते कुठल्या गिअरमध्ये? तुम्ही रोज वापरता त्या मागच्या दोन-तीन चक्रांवरच घसरत असेल आणि क्वचित लागणाऱ्या मोठ्या चक्रांवर गुमान चालत असेल, तर कॅसेट झिजली आहे, यात शंका नको. दुसरी, सगळ्याच गिअरमध्ये कुरकुर असेल आणि चेन आपणहून शेजारच्या चक्रावर जायला बघत असेल, तर गिअरची केबल ढिली आहे किंवा डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगर वाकलाय. पार्किंगमध्ये कोणाची दुचाकी टेकली तरी हँगर वाकतो. याला पार्ट लागत नाही, सरळ करून मिळतो.

तिसरी तपासणी मला फार आवडते. तुमच्यासारख्या सायकलींवर बहुतेकदा मधलं चेनव्हील, म्हणजे क्रँकवरचं मधलं चक्र, ३८ दात्यांचं असतं आणि चेन साधारण ११४ कड्यांची. ११४ भागिले ३८ म्हणजे बरोबर तीन. मधल्या चेनव्हीलवर असताना पायडल मोजत चालवा. दर तीन पूर्ण फेऱ्यांना एकदा, ठरल्या जागी 'खट्ट' होत असेल तर कॅसेट ठीक आहे, नव्या चेनचा एखादाच सांधा जोडताना आखडलाय. पायडल उलटं फिरवत डिरेलरच्या छोट्या चाकांकडे बघत बसा. आखडलेला सांधा तिथून जाताना सरळ होत नाही, उडी मारतो. दोन्ही हातांनी तो सांधा आडवा थोडा दाबायचा आणि एक थेंब तेल, झालं काम. दुसऱ्या दुकानात डिरेलर बदलून आलेल्या गिऱ्हाइकाचा एक सांधा मी असा दोन मिनिटांत मोकळा केलाय.

आता पट्टी. शाळेतली प्लॅस्टिकची नको, बारा इंची स्टीलची घ्या. चेन सायकलवरच, पायडलवर हलका दाब देऊन ताठ ठेवायची. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरायची. चोवीस कड्या सोडून जी पिन येते तिचा मध्य बरोबर बारा इंचांवर आला तर चेन नवी. एक सोळांश इंच पुढे सरकला असेल तर झीज अर्धा टक्का. एक अष्टमांश सरकला असेल तर एक टक्का, म्हणजे वेळ टळून गेली. तुमच्या आठ गिअरच्या चेनसाठी या दोन्हींच्या मधे, पाऊण टक्क्याच्या आसपास, चेन बदलायची. दहा-अकरा-बारा गिअर असतील तर अर्ध्या टक्क्यालाच. बाजारात चेन मोजायचं गेज मिळतं, तेही वापरायला हरकत नाही. फक्त त्यातली बरीचशी चेनच्या रोलरचा (सांध्यावर फिरणाऱ्या छोट्या नळकांड्याचा) ढिलेपणाही झिजेत धरतात, म्हणून थोडी घाई करतात. पट्टी घाई करत नाही.

जुनी चेन घरी आहे का? असेल तर जुनी आणि नवी एकाच खिळ्याला टांगा आणि दोन्हींच्या ११४ कड्या मोजा. जुनी करंगळीच्या रुंदीएवढी खाली लोंबली, तर मी वर एवढं काय बडबडलो ते एका नजरेत दिसेल. नवी चेन कापताना लांबीवरून न कापता कड्या मोजून कापायची, तीही याचसाठी. जुनीशेजारी ताणून धरून कापली की हमखास एक कडी जास्त जाते.

आणि घरी असेल, तर माझा सल्ला ऐकून हसाल. जुनीच चेन परत चढवा. हो, परत. ती आणि ती कॅसेट म्हणजे दीड वर्षाचा संसार केलेलं जोडपं, घसरणार नाहीत. कॅसेट गेलेलीच आहे, आणखी चार महिन्यांनी ती आणखी काय जाणार? पाषाण-सूसकडच्या रस्त्यांची रेती आणि पावसाचं पाणी यात नवी कॅसेट आणि नवी चेन आत्ता घालणं म्हणजे लग्नाची साडी नेसून भात लावायला जाणं. नवी चेन पुसून, तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवा. पाऊस गेला की दसऱ्याच्या आधी नवी कॅसेट आणि ही चेन एकदमच चढवा, म्हणजे खंडेनवमीला सायकल आणि हत्यारं दोन्ही पूजेला झकपक. मात्र जुन्या चेनवरही घसरत असेल, किंवा तिची एखादी कडी तडकलेली दिसली, तर हा सल्ला रद्द. चढावर उभं राहून जोर लावताना चेन सुटली तर गुडघा हँडलवर आणि माणूस रस्त्यावर, आणि मागून बस.

दुकानदाराच्या यादीतलं बाकीचं पटापट सांगतो. कॅसेट बदलायची. पुढच्या क्रँकवरच्या दात्यांकडे बाजूने बघा. दाते दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर राहू द्या. एका अंगाला वाघनखासारखे वळले असतील तरच बदला. मधलं चक्र आधी जातं, बाकीची दोन सहसा कोरीच असतात. स्वस्त सायकलींवर तिन्ही चक्रं रिवेट मारून एकत्र असतात, मग अख्खा क्रँकच घ्यावा लागतो. ते परिस्थितीवर आहे, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आतली केबल गंजली असेल तर बदला, स्वस्त असते. डिरेलर हाताने हलवून लुळा वाटत नसेल तर त्याला हात लावू नका.

पुढच्या वेळेसाठी माझी पद्धत अशी आहे. कॅसेटबरोबर एक नाही, दोन चेन घेऊन ठेवतो. महिन्यातून एकदा पट्टी लावतो. वेळेवर बदलली तर दोन-तीन चेन खाऊनही एक कॅसेट तगते. पुण्याच्या रस्त्यावर, पावसाळा धरून, आठ गिअरची चेन माझ्याकडच्या गिऱ्हाइकांना अडीच ते चार हजार किलोमीटर जाते. तुमची साडेसहा-सात हजार गेली असावी. चेन घेताना पाकिटावर ६, ७, ८ गिअरची लिहिलंय ना ते बघा. नऊ गिअरची त्याहून अरुंद असते. कॅसेट आणि स्क्रूने बसणारं फ्रीव्हील यांतही घोटाळा होतो. आठ गिअरच्या हायब्रिडवर बहुधा कॅसेट असते, सात गिअरच्या पुष्कळ सायकलींवर फ्रीव्हील. दोन्ही काढायचं हत्यार वेगळं, म्हणून ऑनलाइन मागवण्याआधी दुकानात दाखवा.

तेलाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि चेन मरते ती तिथेच. पाण्याने फार बिघडत नाही, चिखलाने बिघडतं. त्यामुळे तेल घालण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. पावसातून घरी आलात की जुन्या बनियनच्या तुकड्यात चेन धरून पायडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा. मग चेनच्या खालच्या भागावर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. अकरा-बारा तास, म्हणजे रात्रभर, मुरू द्या. सकाळी बाहेरचं तेल पुन्हा कोरडं पुसा. तेल सांध्याच्या आत हवं, बाहेर चकाकत असलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. पावसाळ्यात सायकलीचं 'वेट' लिहिलेलं तेल, ऑक्टोबरनंतर 'ड्राय'.

लोक काय काय घालतात ते मात्र बघण्यासारखं असतं. बाइकच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल. ग्रीस, बोटाने लिंपून. एकाने खोबरेल घातलं होतं. डिसेंबरच्या पुण्याच्या थंडीत ते थिजलं आणि चेनवर पांढरी साय आली. शिलाई मशीनचं तेल चालेल, पण एका पावसात धुऊन जातं, रोज घालायची तयारी हवी. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हाकलायचं आणि गंज सोडवायचं औषध आहे. चेन साफ करायला उत्तम, पण नुसतं तेच मारून चालवलीत तर चेन कोरडी राहते. फार मळली तर रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रश बुडवून घासा आणि पूर्ण वाळल्यावरच तेल घाला.

दुचाकी धुणाऱ्या सेंटरवर सायकल नेऊ नका. प्रेशरचं पाणी हबच्या (चाकाच्या मध्याच्या) आणि बीबीच्या (क्रँक जिच्यावर फिरतो त्या धुऱ्याच्या) छऱ्यांतलं ग्रीस धुऊन काढतं. दीड महिन्यानी चाकातून कुरकुर आली की माझ्याकडे येतात आणि 'आत्ताच तर धुतली होती' म्हणतात.

ब्रेक. व्ही-ब्रेक पावसाळ्यात किंचाळतात त्याचं अर्ध कारण मळ. ब्रेकचे रबर काढून उजेडात धरा. त्यात रिमचे चकचकीत अॅल्युमिनियमचे कण आणि खडे रुतलेले दिसतील. टोचणीने ते एकेक उकरून काढा आणि रबराचा चकाकणारा थर पॉलिश पेपरवर चार वेळा घासा. रिम ओल्या फडक्याने, साबणाने, तेलाशिवाय. तरी ओरडला तर रबर बसवताना त्याची पुढची कड रिमला आधी टेकेल आणि मागची पोस्टकार्डाच्या जाडीएवढी मागे राहील असा तिरका बसवा. रुतलेले खडे न काढता चालवलंत तर ते रिम कातत बसतात. रिमची बाजू बोटाला पन्हाळीसारखी खोल लागायला लागली की रिमच बदलायची वेळ.

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट, माझ्याच मूर्खपणातून आलेलं. घाईत चेनवर स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडाला आणि मी पुसून गाडी दिली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ब्रेकशिवाय उतार उतरून माझ्यासमोर उभं. पॅड माझ्या खिशातून बदलून दिले. तेव्हापासून डिस्कच्या आसपास स्प्रे नाही, थेंबाची बाटलीच.

हत्यारांत चाळीस नगांची पेटी घेऊ नका. तीस नग कधी उघडणार नाहीत आणि उरलेले दहा मऊ लोखंडाचे निघतील. चांगल्या पोलादाच्या ४, ५, ६ मिलिमीटरच्या एलन की, एक स्क्रू ड्रायव्हर, टायर उचलायचे दोन-तीन लिव्हर, पंक्चरचं पाकीट, मीटर असलेला उभा पंप, चेन कटर, स्टीलची पट्टी. पायडलसाठी १५ चा पान्हा. त्यात एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. डावं पायडल जोर लावून 'सोडवत' अजून घट्ट करून आणलेले महाभाग वर्षाला दोन तरी येतात. कॅसेट काढायचं हत्यार आणि चेनचा चाबूक (काढताना कॅसेट फिरू न देणारं हत्यार) वर्षातून एकदा लागतो, त्यासाठी दुकान आहे. स्वतः केलीत तर कॅसेटच्या नटावर '४० एनएम' (न्यूटन-मीटर, आवळायच्या जोराचं माप) कोरलेलं असतं, म्हणजे चांगला खच्चून. हँडलच्या स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) छोटे बोल्ट मात्र ५-६ एनएमचे, तिथे पैलवानकी नको.

पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून मोकळे होऊ नका. टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसत एक फेरी मारा. कापूस जिथे अडकेल तिथे काच किंवा बाभळीचा काटा आहे. नवी ट्यूब घेताना टायरच्या कडेवरचा आकडा, तुमच्या सायकलीला बहुधा ३५-६२२ किंवा ३७-६२२, आणि व्हॉल्व्ह कोणता ते फोटो काढून न्या. जाड मोटारीसारख्या व्हॉल्व्हला रिमला मोठं भोक लागतं, बारीक फ्रेंच व्हॉल्व्हच्या भोकात तो शिरणार नाही. आणि पावसाळ्याआधी सीटचा दांडा बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवा. दोन-तीन पावसाळे न काढलेला दांडा फ्रेमला चिकटून बसतो आणि मग तो सोडवायला करवत घ्यावी लागते.

कपडे. ते जॅकेट घेऊ नका, निदान आधी नको. जुलैत पुण्यात हवा दमट असते, चढावर घाम येणारच, आणि दमट हवेत कितीही श्वास घेणारं कापड असलं तरी घामाची वाफ बाहेर जाता जात नाही. बाहेरून कोरडे राहाल, आतून चिंब. तेवढ्या पैशात आधी पूर्ण लांबीचे मडगार्ड लावा, पुढच्याला खाली रबरी पट्टी. पाठीवर आणि बुटांत जाणारं घाण पाणी चाकाचं असतं, आभाळाचं नव्हे. मग झटपट वाळणारा टी-शर्ट भिजू द्या, ऑफिसात कपडे बदला. बदलायचे कपडे बॅगेत दुधाच्या नाही, जाड पिशवीत, तोंड पिळून बांधून. हेल्मेटखाली छज्जा असलेली पातळ टोपी घातलीत की डोळ्यांत पाणी जात नाही. चष्मा असेल तर हे जॅकेटपेक्षा कामाचं. पावसातल्या अंधारात घोट्याला चमकणारा पट्टा बांधा. वरखाली होणारा पाय मागच्याला लांबून कळतो की पुढे सायकल आहे.

पॅडवाली शॉर्ट पाऊण तासाच्या प्रवासाला लागतेच असं नाही. आधी सीटची उंची आणि तिरकेपणा बघून घ्या. पुष्कळांचं दुखणं तिथे थांबतं. घेतलीत तर आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणीच काचतात. उतरवल्या उतरवल्या धुवायची, उलटी करून वाळवायची, कपड्यांना मऊ करणारं द्रव घालायचं नाही, त्याने पॅड घाम शोषेनासा होतो. पावसाळ्यात जाड पॅड एका रात्रीत वाळत नाही, आणि ओली शॉर्ट परत चढवलीत की जांघेत खाज ठरलेली. म्हणून एक भारीतली घेण्यापेक्षा मध्यम दोन घ्या. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने एकदा बदला.

तर रविवारी आधी गिअर आणि फेऱ्या मोजून बघा, मग पट्टी. कॅसेटच निघाली आणि जुनी चेन घरी नसेल, तर दुकानदाराला एवढंच सांगा: 'कॅसेट बदला, चेन आहे तीच, क्रँक राहू द्या, आणि काढलेली कॅसेट मला परत द्या.' ती हातात घेऊन रोजच्या चक्राचे दाते आणि कधी न लागलेल्या मोठ्या चक्राचे दाते शेजारी शेजारी धरून बघा. आणि मोजलेले आकडे इथे कळवा, क्रँकचं काय करायचं ते त्यावरून सांगतो.